घरचे दप्तर : दुसरी प्रत

गेल्या अंकात घरातील जुन्या पत्रांची जपणूक कशी करावी याविषयी चार शब्द लिहिले होते. त्यावर काही वाचक भगिनींनी विचारले आहे की, पत्रांचे ठीक. पण तीर्थयात्रा, सहली, लग्नकार्याचे प्रवास यांतून जी तिकिटे, चिठ्ठ्या, छायाचित्रे आणि बिल्वपत्रे घरी येतात त्यांचे काय करावे? शाळेतून मुलांना ‘स्क्रॅपबुक’ करावयास सांगतात, त्याचेच हे मोठे भावंड. तेव्हा या वेळी प्रवासाच्या वहीविषयी लिहितो. लिहिताना आमच्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. आईने ‘सांग’ म्हटले, म्हणून सांगतो.

निमित्त नातीचे झाले. उन्हाळ्यात घरची मंडळी ओंकारेश्वर-महेश्वर करून आली आणि शाळा उघडताना नातीला त्या प्रवासाची वही करून न्यायची होती. तिला घेऊन मी राजवाड्यावर गेलो. इंदूरच्या माणसाला ‘राजवाड्यावर जातो’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतर प्रांतांतील वाचकांसाठी सांगतो की, आम्ही राजवाडा पाहावयास क्वचितच जातो. जातो ते बाजाराला. राजवाड्यालगतच खजुरी बाजार आहे. वह्या, पुस्तके, कागद, शाई जे काही लागेल ते तेथे मिळते, आणि निम्म्या इंदूरचे शिक्षण त्या गल्लीतून घरोघर गेले आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुकानदाराने प्रवासाच्या वहीसाठी म्हणून चिकटवावयाच्या रंगीत चित्रांची पाने पुढे टाकली. एकावर पॅरिसचा आयफेल मनोरा, दुसऱ्यावर लंडनची दुमजली लाल बस, तिसऱ्यावर विमान, आणि सर्वांवर ‘हॅपी जर्नी’ अशी सोनेरी अक्षरे. नातीने विचारले, “आजोबा, ओंकारेश्वरचं नाही का?” दुकानदार हसून म्हणाला, “मास्टर साहब, ओंकारेश्वर का तो कोई नहीं छापता.” मनात म्हटले, नाही छापत हे बरेच आहे. आम्ही चित्रकलेचा जाड कागद, दोन ताव साधा बदामी कागद आणि बांधणीचा दोरा एवढेच घेऊन बाहेर पडलो. नात थोडी हिरमुसली होती. तिची समजूत सराफ्यात काढावी लागली.

परतताना ती राजवाड्यासमोर उभी राहून मजले मोजू लागली. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी या वास्तूने पाहिल्या. शेवटची आग दंगलीतली. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. मागील भाग जळाला, तो २००६ नंतर पुन्हा उभारला गेला आणि काम चांगलेच झाले आहे. पण नातीने विचारले, “आधी कसं होतं?” तेव्हा मी गप्प झालो. लहानपणी शेकडो वेळा दरवाज्यातून आत डोकावलो असेन. परंतु आत खांब किती होते, जिना कोणत्या हाताला होता हे मला सांगता येईना. पाहिलेले सारे लक्षात राहते हा आपला भ्रम असतो. लक्षात राहते ते त्या वेळी कोणीतरी बोलून दाखविलेले, नाहीतर लिहून ठेवलेले.

आपल्याकडे प्रवास लिहून ठेवण्याची चाल नवी नाही. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडे ज्या नामावळी असतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. यात्रेकरू आला की उपाध्ये वही उघडून त्याच्या पूर्वजांचे लेख दाखवतात आणि मग त्याच्याकडूनही लिहून घेतात : कोण, कोणाचा मुलगा, मूळ गाव कोणते, बरोबर कोण आले, भावंडे किती. गया, प्रयाग, हरिद्वार येथेही अशाच वह्या आहेत. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतील युटा येथील वंशावळीच्या संस्थेने सूक्ष्मपटे काढून नेली. त्या वहीत एकही चित्र नाही, नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. पण पणजोबांच्या हातचे वळण तेथे दिसते आणि माणूस क्षणभर बोलेनासा होतो. उलट, वरसईच्या विष्णुभट गोडशांचे पाहा. १८५७ च्या धामधुमीत हा गृहस्थ उत्तरेत हिंडला, आणि ‘माझा प्रवास’ लिहावयास बसला तो जवळजवळ पंचवीस वर्षांनंतर, केवळ स्मरणावर. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडशांची स्मरणशक्ती अलौकिक होती. तुमची-माझी तशी नाही.

आता आमच्या घराकडे वळतो. माझे वडील, नाना, येथील एका कापडगिरणीच्या हिशेब खात्यात होते. घरी त्यांची एक लाल कापडी बांधणीची लांब वही असे. घरातून कोणीही कुठेही निघाले की ती वही निघे. नाना हौशी नव्हते. प्रवासवर्णन वगैरे त्यांनी आयुष्यात कधी लिहिले नाही. त्यांनी लिहिला तो खर्च. पण आज ती वही वाचू लागलो की मला गाडीचा आवाज ऐकू येतो. १९७४ च्या कार्तिकीला आम्ही पंढरपूरला गेलो होतो. नाना, आई, अकरा वर्षांची ताई आणि सहा वर्षांचा मी. इंदूर ते खंडवा मीटरगेज, खंडव्याहून भुसावळ, मनमाड, दौंड असे करीत कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज, आणि तेथून पंढरपूरला बार्शी लाइटची ती चिमुकली नॅरोगेज. एका यात्रेत रुळांच्या तीन रुंद्या! त्या प्रवासाचे वहीत दीड पान आहे. ‘कालाकुंड, कलाकंद, पाने २.’ ज्यांनी पाताळपाणीचा घाट मीटरगेजने उतरला असेल त्यांना पळसाच्या पानातला तो कलाकंद आठवेल. ‘बोरिक पावडर, भुसावळ, मुलीच्या डोळ्यास.’ म्हणजे ताईच्या डोळ्यात इंजिनाच्या कोळशाचा कण गेला होता. ‘हमाल, कुर्डुवाडी.’ ‘कंदील भाड्याने, १ रात्र.’

तिकिटांचे क्रमांकही वहीत आहेत. याचे कारण आजच्या मुलांना सांगावे लागते. एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० ते १८४० च्या दरम्यान पुठ्ठ्याचे छापील, क्रमांक घातलेले छोटे तिकीट काढले, आणि तेच पुढे दीडशे वर्षे जगभर चालले. आपल्याकडे संगणकाची आरक्षणे १९८५-८६ पासून आली, तोवर तेच होते. पण ते तिकीट मुक्कामी पोचल्यावर दरवाज्यावर काढून घेत. वहीत चिकटवायला हाती राहणार काय? म्हणून नाना तिकीट देण्यापूर्वी क्रमांक उतरवून घेत. या सवयीवर आम्ही मुले पुढे हसत असू. होळकरांच्या दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली इंग्रजांना एक कोट रुपये कर्जाऊ देऊन जी रेल्वे आणविली, ती मीटरगेज आता उखडली गेली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८ मध्ये पर्यटकांसाठी गाडी निघाली, एवढेच. नानांच्या वहीतील तो पाच आकडी क्रमांक मात्र तसाच आहे.

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या ट्रंकेला दमट वास येऊ लागला, म्हणून ती खाली काढली. नानांच्या वह्यांसोबत त्यात काळ्या पानांचा एक अल्बम होता. तो मी आणि ताईने १९७५ च्या मे महिन्यात बसून केला होता. डिंकाची बाटली, आईची कात्री आणि दुपार एवढे तीनच पदार्थ त्याला लागले होते. नातीला हे पुस्तक फार आवडले. मलाही प्रथम कौतुकच वाटले. मग मी त्याच्याकडे मुख्याध्यापकाच्या नजरेने पाहिले आणि एकेक चूक दिसू लागली.

पहिली चूक वर्तमानपत्राची. पंढरपूरच्या यात्रेचे वृत्त कापून आम्ही छायाचित्राशेजारी लावले होते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन हे द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, त्याचे आम्ल होते आणि ते शेजारच्या कागदालाही खाते. आमच्या कात्रणाची जशीच्या तशी तपकिरी सावली समोरच्या पानावरील छायाचित्रावर उमटली आहे. पेशवे दप्तरातील जुन्नरी कागद अडीचशे वर्षांनंतरही बोटांत लवतो, कारण तो चिंध्यांचा आणि तागाचा. आणि गेल्या पिढीतील शाळेची वही चाळीस वर्षांत बिस्किटासारखी मोडते. ज्यांना शक्य आहे त्यांनी प्रवासाच्या वहीसाठी हातकागद घ्यावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालापासून सुती चिंध्यांचा कागद करीत आली आहे. ते न जमल्यास चित्रकलेचा चांगला जाड कागद पुरे. कात्रण हवेच असेल तर त्याची छायाप्रत चांगल्या कागदावर काढून ती लावावी.

दुसरी चूक डिंकाची. बाटलीतला डिंक वाळला की तडकतो आणि कागदाला सुरकुत्या पाडतो. फेव्हिकॉल त्याहून पक्का, म्हणून अधिक वाईट. पुस्तकाच्या पाठीला तो ठीक, छायाचित्राला नव्हे. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि आपला चिकट डाग मागे ठेवते. १९८०-९० च्या काळात आपल्या घरोघर आलेले ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आठवतात ना? ते ज्यांच्याकडे असतील त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी त्यातील छायाचित्रे काढावीत. ओढून काढू नयेत. दात साफ करावयाचा बारीक रेशमी दोरा मिळतो तो किंवा साधा मजबूत दोरा छायाचित्राच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. नसेल सुटत तर तसेच राहू द्यावे आणि त्या पानाचेच छायाचित्र घ्यावे.

खरे म्हणजे वहीत काहीही चिकटवू नये, अडकवावे. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी घ्यावी, मधोमध दोन्ही टोके खाली दुमडावीत, की त्रिकोणी टोपी तयार होते. अशा चार टोप्या छायाचित्राच्या चार कोपऱ्यांत घालाव्यात आणि फक्त टोप्यांनाच मागून खळ लावावी. छायाचित्र केव्हाही काढून त्याची पाठ वाचता येते. ही पाठ वाचता येणे किती महत्त्वाचे आहे ते पुढे सांगतो. तिकिटे, चिठ्ठ्या, नावेच्या पावत्या यांच्यासाठी बदामी कागदाचे खिसे करावेत. खळ घरीच करावी : एक वाटी मैदा, चार-पाच वाट्या पाणी, मंद विस्तवावर सारखे ढवळीत तो काचेसारखा होईतो शिजवावा आणि गार करून वापरावा. पुस्तकबांधणीवाले किडीसाठी त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते, मुले हाताशी असताना घालू नये. खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

वही बांधताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पानांत वस्तू भरल्या की वही कणसासारखी फुगते आणि पाठ उसवते. म्हणून दर दोन पानांमध्ये पाठीजवळ दोन बोटे रुंदीची एक कोरी पट्टी घालून मगच पाच भोके पाडून शिवावे. वस्तूंची जाडी त्या पट्ट्या भरून काढतात. आमच्या सौ. म्हणतात की, गोधडीलाही कडेने जादा पट्टी देतात ती याच न्यायाने. तो न्याय मला माहीत नव्हता.

पाने-फुले आठ-पंधरा दिवस रद्दीत दाबून पूर्ण सुकल्याशिवाय वहीत घालू नयेत, आणि घालावीत ती वेगळ्या पाकिटात. अंगारा, बुक्का, प्रसादाची साखर यांना वहीत जागा नाही. श्रद्धेला बाध येतो म्हणून नव्हे, मुंग्या आणि कसर येते म्हणून. बसची आणि हॉटेलची हल्लीची गुळगुळीत पावती शाईने छापलेली नसते, उष्णतेने उमटलेली असते. ती दोन-चार वर्षांत कोरी होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर त्याहून लवकर. तिची छायाप्रत घ्यावी, किंवा नानांसारखे हाताने उतरवून घ्यावे. आणि मोबाइलमधील चारशे छायाचित्रांपैकी बारा निवडून छापून आणावीत. बाराच का, असे नातीनेही विचारले. बारांच्या खाली लिहिणे होते. चारशेंच्या खाली कोणी लिहीत नाही.

ही सारी कारागिरी झाली. ती चुकली तर कागद जातो. आमच्या घरी कागदाबरोबर आणखी काही गेले होते.

नानांच्या त्या दीड पानात दोन नोंदी मला कळेनात. एक, ‘लुगडे १, खण १, रु. ४६.’ आईला लुगडे घेतले असेल म्हणावे, तर आईने त्या वर्षी गोल पातळच नेसलेले सर्व छायाचित्रांत दिसते, आणि नानांच्या पगारात सेहेचाळीस रुपये ही काही सहज जाणारी रक्कम नव्हती. दुसरी, ‘फोटो, वाळवंट, प्रती २, टपालासह रु. ९.’ चंद्रभागेच्या वाळवंटातले ते छायाचित्र अल्बममध्ये होते. मागे पुंडलिकाचे देऊळ, पुढे आम्ही चौघे, आणि आईच्या शेजारी एक नऊवारीतील बाई, हातात घडी केलेला पंचा. या बाई नात्यातल्या कोणी मावशी असाव्यात अशी माझी आणि ताईची पन्नास वर्षे समजूत होती. पण प्रती दोन होत्या तर दुसरी कोठे गेली?

आईचे वय चौऱ्याऐंशी. अलीकडचे विसरते, पण मागचे स्वच्छ सांगते. अल्बम तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ही कुणी मावशी नव्हे रे. हिनंच तर तुला आणून दिलं.”

त्या कार्तिकीला महाद्वाराच्या गर्दीत माझा हात सुटला होता. दिवेलागणीपासून रात्री उशिरापर्यंत मी सापडत नव्हतो. नाना नदीच्या बाजूने, आई ताईला कडेवर घेऊन (अकरा वर्षांच्या मुलीला कडेवर! तिला तेव्हा दोन्ही मुले हाताला लागून हवी होती) मठ आणि धर्मशाळा धुंडाळीत होती. त्या बाईंनी मला रडताना पाहिले, भाकरी खाऊ घातली आणि ‘इंदूर, नाना’ या माझ्या दोन शब्दांवर घरोघर विचारीत आमच्या उतरण्याच्या जागी आणून पोचवले. आम्ही मुले भेदरू नये म्हणून नंतर या गोष्टीचा घरात उच्चारच झाला नाही. मला त्यातले काहीच आठवत नाही. बुक्क्याचा वास आला की मला अकारण बरे वाटते, एवढेच. त्याचे कारण आजवर मी भक्तीत शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांना लुगडे घेतले, वाळवंटात सर्वांचे छायाचित्र काढविले आणि एक प्रत तुम्हांला पाठवीन असे कबूल केले. पत्ता घेतला. जानेवारीत छायाचित्रे टपालाने इंदूरला आली. नानांनी दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर तो पत्ता उतरवला आणि प्रत वहीत ठेवली. गिरणीची वर्षअखेर संपली की सवडीने पत्र लिहू असा बेत होता. मेमध्ये ते पत्र लिहावयास बसले, तेव्हा प्रत जागेवर नव्हती. पत्त्याचे चिटोरेही उतरवून घेतल्यावर टाकून दिलेले. “ह्यांनी ट्रंक दोनदा उपसली,” आई म्हणाली. “शब्द दिला होता ना. पुढं पंढरपूर म्हटलं की गप्प व्हायचे.” नाना १९९१ मध्ये गेले.

मी अल्बमची पाने पुन्हा उलटली. शेवटून तिसऱ्या पानावर, कागदी फुलांच्या महिरपीत, माझा एकट्याचा वाटोळा कापलेला चेहरा चिकटवलेला आहे. त्याच्याखाली ताईच्या अक्षरांत ‘आमचा राजा’. मी भिंग घेऊन पाहिले. चेहऱ्यामागे पुंडलिकाच्या देवळाची कड होती.

नागपूरला ताईला दूरध्वनी केला. ती एवढेच म्हणाली, “आमटीची वाटी ठेवून मीच आखलं होतं. बाकीचा तुकडा चुलीत टाकला असेल.” नंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. दोष कोणाला द्यायचा? सुट्टीतली दोन मुले हौसेने अल्बम करीत होती. नानांनी तो अल्बम कितीदा तरी पाहिला असेल. त्या वाटोळ्या तुकड्यात आपली हरवलेली प्रत आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही, की आले आणि त्यांनी आम्हांला सांगितले नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

दोऱ्याने तो तुकडा सोडवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. डिंकाबरोबर निम्मी शाई काळ्या पानाला गेली. उरलेल्या पाठीवर नानांच्या वळणदार अक्षरांत इतके वाचता येते : वरच्या ओळीत ‘…बाई’, तिच्याखाली ‘…वाडी’, आणि त्याखाली ‘ता. मंगळवे…’. नाव वाटीच्या बाहेर राहिले.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो की, मूळ कागदाला कात्री लावू नका. गोल, बदाम, चांदणी जे काही आकार मुलांना हवे असतील ते छायाप्रतीला द्या. वहीत लावण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्राची पाठ पाहा, आणि पाठीवर काही असेल तर ते पुढे पानावर उतरवून घ्या. पाठीवर स्वतः लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. आणि छायाचित्रात जो माणूस घरचा नाही त्याचे नाव सर्वांत आधी लिहा. घरच्यांची नावे कोणीतरी सांगेलच.

नातीची वही आता झाली आहे. महेश्वरच्या नावेची पावती खिशात आहे, विणकराने दिलेले साडीच्या काठाचे टीचभर कापड दोऱ्याने टाचले आहे, आणि प्रत्येक पानावर एक ओळ तिची, एक तिच्या आईची आणि एक पणजीची आहे. पणजी ओंकारेश्वरला गेली नव्हती. तिने १९५९ सालच्या आपल्या ओंकारेश्वरच्या यात्रेचे लिहिले. ते शिक्षकांना चालते की नाही ते पाहू. मुख्याध्यापक या नात्याने माझी हरकत नाही.

शिवाय मी एक निराळी वही बांधली आहे, हातकागदाची, एकाच यात्रेची. नानांच्या दीड पानाची नक्कल, वाटोळा तुकडा खिशात, पाठ वाचता येईल असा, आणि अखंड छायाचित्राच्या नव्याने काढलेल्या दोन प्रती. येत्या कार्तिकीला त्यांतील एक प्रत घेऊन मंगळवेढ्याकडे जाण्याचे योजले आहे. त्या बाई आज असल्या तर नव्वदीच्या पुढे असतील. नसल्या तर मुले-नातवंडे असतील. त्या तालुक्यात ‘वाडी’ने संपणारी गावे बरीच निघतील याची मला कल्पना आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाचा त्या बाजूला परिचय असल्यास संपादकांच्या पत्त्यावर कळवावे.

छायाचित्राखाली काय लिहू, असे आईला विचारले. ती म्हणाली, “लुगड्याचा रंग लिही. काळ्या-पांढऱ्यात तो कुठं दिसतोय?”

तेव्हा कुठे मला कळले की, त्या बाईंच्या हातात आहे तो पंचा नव्हे.

“कुठला रंग?”

“हिरवा. डाळिंबी काठ. ह्यांनी निळं काढलं होतं, ती म्हणाली निळं नको.”

तसे लिहिले आहे. ‘डाळिंबी’ हा शब्द नातीने लिहिला. तो थोडा तिरपा गेला आहे.